नरडाणा केंद्र

माणसानं एखादं वाद्य वाजवावं की नाही, याबद्दल दोन मतं असू शकतात. शेजाऱ्यानं वाजवू नये, याबद्दल मात्र एकमत आहे. पेटी, तबला, बुलबुलतरंग यांपैकी काहीही नव्यानं शिकणाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून ज्यानं एक उन्हाळा काढला आहे, त्याला विचारा. माझं वाद्य मात्र असं निघालं, की शेजाऱ्यांना तक्रारीला जागाच राहिली नाही. त्यांना ते ऐकूच जात नसे. शेजाऱ्यांचं सोडा, समोर सतरंजीवर बसवलेल्या पाहुण्यालाही जात नसे. पाहुणा चहा संपेपर्यंत माझ्या हातांकडे बघत राही आणि शेवटी ‘हं, करा आता सुरू’ म्हणे, तोवर माझी दोन गाणी वाजवून झालेली असत.

हे वाद्य म्हणजे हवाइयन गिटार. गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केस वाढवलेला कॉलेजकुमार उभा राहतो. ती गिटार वेगळी. ती गळ्यात पडते, ही मांडीवर पडते. हिच्यावर पडदे असतात, पण ते बोटांनी दाबायचे नसतात. तारा उंच पट्टीवर चढवलेल्या असल्यामुळे त्या पडद्यांना शिवतच नाहीत. पडदे आपले मैलाच्या दगडांसारखे, आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून. डाव्या हातात धातूचा गुळगुळीत दांडा धरून तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. गवई वर्षानुवर्षं घासून गळ्यातून जी मींड काढतात, ती इथं दांडा फुकटात देतो. अर्थात बरोबर जागी थांबता आलं तर. नाही तर माणूस सरळ पुढच्या स्टेशनात जाऊन उभा राहतो.

वाजवणारा दिसतो मात्र विचित्र. पाय जुळवून बसलेला, मांडीवर आडवी गिटार, एका हातानं तिला वरून खाली चोळतोय. बाळंतिणीच्या खोलीत म्हातारी बाई पायांवर पोर घेऊन न्हाऊ घालते ना, अगदी तसा. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा बघायला आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मान नीट धरा हो तिची. आणि टाळू भरलीत का?”

आवाज न पोचण्याचं कारण सोपं आहे. गिटारीच्या पोटाला जे भोक असतं, ते तिचं तोंड. गळ्यातल्या गिटारीचं तोंड श्रोत्यांकडे असतं, मांडीवरच्या गिटारीचं आढ्याकडे. म्हणजे माझं वादन सर्वांत चांगलं कुणाला ऐकू येत असेल, तर आमच्या आढ्यावरच्या पालीला. ती मधूनमधून चुकचुके, पण ते दाद म्हणून की शंका म्हणून, हे मला कधी कळलं नाही. त्यातून आमचं घर धाब्याचं. खानदेशातलं धाब्याचं घर ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. तुळया, त्यांवर कडीपाट आणि वर मातीचा जाड थर. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन असलं तरी आत गार. ती माती जसं ऊन पिते तशी माझी गाणीही पिऊन टाकत असे. आमच्या त्या धाब्यात कित्येक भूप मुरले असतील.

मी तेव्हा नरडाण्याला रेल्वेत मालबाबू होतो. सुरत-भुसावळ मार्गावर शिंदखेड्याहून निघालं की बेटावदच्या अलीकडे नरडाणा लागतं. गावाजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. म्हणजे जगातली सगळी रहदारी गावावरून जायची, थांबायची मात्र थोडी. आता तिथं औद्योगिक वसाहत आहे, गाडीमार्ग दुहेरी झालाय. तेव्हा एकच रूळजोडी होती, वाफेची इंजिनं होती आणि दोन गाड्यांच्या मध्ये वेळ भरपूर होता. हा वेळच गिटारीला कारण झाला. वेळ आणि रेडिओ. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत सिनेमातल्या गाण्याची नुसती चाल वाजवत. व्हॅन शिप्ले यांची इलेक्ट्रिक गिटार, जोडीला पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन. शब्द नाहीत, गायक नाही, तरी गाणं रडतंय, हसतंय, लाजतंय. पुढं १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला, आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द. मांडीवर आडव्या घेतलेल्या गिटारीवर त्यांनी असा राग मांडला होता, की ते विलायती लाकूड आहे हे विसरायला व्हावं. ती तबकडी धुळ्याला एका मित्राकडे मी सलग तीनदा ऐकली. चौथ्यांदा त्याच्या घरच्यांनी जेवायची पानं घेतली.

गिटार मिळाली भुसावळला, १९७१ साली. भुसावळ म्हणजे इंजिनांचं माहेरघर, आणि तिथल्या रेल्वेच्या बंगल्यांतून अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती असे. त्यांतली पुष्कळ मंडळी एकेक करून ऑस्ट्रेलियाकडे चालली होती. अशाच एका बाईंच्या घरी सामानाची विक्री होती. पलंग, आरसा, केकची भांडी आणि कोपऱ्यात ही. साहेब गेल्यापासून कुणी वाजवली नाही, असं बाई म्हणाल्या. साठ रुपये सांगितले आणि मी घासाघीस करणार एवढ्यात त्यांनी पदरचं एक जुनं ब्लँकेट आणून तिला गुंडाळायला घेतली. घासाघीस राहून गेली. नरडाण्याला उतरलो तेव्हा हमाल गोळा झाले. “भाऊसाहेब, पेटीमा काय शे?” मी तिथंच बाकावर बसून तारा छेडून दाखवल्या. एक म्हातारा हमाल वाकून, कान लावून म्हणाला, “हाई वाजस का रडस?” पुढं या वाद्यावर मी बरंच वाचलं, पण याहून नेमका प्रश्न कुठं वाचला नाही.

बाईंनी सगळं दिलं होतं, फक्त दांडा कुठं सापडत नव्हता. आता या दांड्याची कथा अशी सांगतात, की हवाई बेटांतला जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी पोरगा १८८९ च्या सुमारास रुळाच्या कडेनं गिटार वाजवत चालला होता. रुळावर पडलेला एक बोल्ट त्यानं उचलला, तो तारांवर घासला आणि या वाद्याचा जन्म झाला. म्हणजे मूळ वाद्य रेल्वेचंच. पण हवाई बेटांत जे चालतं ते आमच्या खात्यात चालत नाही. रुळावरचा बोल्ट उचलला तर नवं वाद्य जन्माला येण्याआधी चौकशी जन्माला येते. म्हणून मी औषधाच्या बाटलीपासून टॉर्चच्या सेलपर्यंत सगळं वापरून पाहिलं आणि अखेर सोनगीर गाठलं. सोनगीर नरडाण्याहून धुळ्याच्या वाटेवरच, तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल नावाजलेलं. तिथल्या एका कारागिराला दांड्याचं चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, “खल कुठाय? नुसता बत्ता घेऊन काय करणार?” त्यानं केलेला तो पंधरा तोळ्यांचा पितळी दांडा इतका सुबक झाला, की आमच्या हिनं पहिल्याच आठवड्यात त्यानं वेलदोडे कुटले. मी ओरडलो, तर ती म्हणाली, “बत्ताच आहे की.” यात तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. विचित्रवीणेवर तारांवरून फिरवायचा जो काचेचा गोळा असतो, त्यालाही उस्ताद लोक बट्टाच म्हणतात. माझ्या भूपाला बरेच दिवस वेलदोड्याचा वास येत होता, एवढंच.

तर आवाज. हा रडका प्रश्न माझा एकट्याचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी धमाल उडवून दिली आणि अख्ख्या अमेरिकेला या वाद्याचं वेड लागलं. पण बँडात पिपाण्या नि ढोल सुरू झाले, की गिटारवाला नुसता हात हलवताना दिसे, माझ्यासारखा. मग जॉन दोपेरा नावाच्या स्लोव्हाक कारागिरानं १९२७ च्या सुमारास गिटारीच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे पातळ द्रोण बसवले. आवाज तिप्पट. त्यावरही समाधान होईना, तेव्हा जॉर्ज बोशँप नावाच्या हवाइयन गिटारवाल्यानं तारांभोवती घोड्याच्या नालेसारखे चुंबक लावले, खाली तारेचं वेटोळं ठेवलं आणि १९३१ साली विजेवरची गिटार तयार झाली. पुढच्या वर्षी ती बाजारात आली. ती दिसायची गोल आणि तिला लांब दांडा, म्हणून लोक तिला ‘तवा’ म्हणत. आज गळ्यात इलेक्ट्रिक गिटारी अडकवून स्टेजवर उड्या मारणाऱ्या तमाम मंडळींना हे सांगितलं पाहिजे, की बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभ्यानं वाजवायची नव्हतीच. ती मांडीवरची होती. बसून, पाय जुळवून, टाळू भरून.

मला यातलं काही ठाऊक नसतानाच मी दोपेरासाहेबांच्या वाटेनं निघालो होतो. गिटार रिकाम्या तेलाच्या डब्यावर ठेवून वाजवली. आवाज वाढला, पण तेलाच्या डब्याचा वाढला. धान्याच्या कोठीवर ठेवून पाहिली, तेव्हा कोठीतले उंदीर बाहेर आले. हिनं ते यश मानलं आणि पुढं महिनाभर मला कोठीवरच बसवलं.

गणपतीत मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. मंडळाच्या पोरांनी फळ्यावर खडूनं ‘रात्री ९ वाजता हवाई गिटार’ असं लिहिलं. त्यामुळं निम्मी बाळगोपाळ मंडळी नऊ वाजता आभाळाकडे बघत उभी होती. माईकवाल्यानं कडुनिंबावर भोंगा बांधला, माईक वाकवून गिटारीच्या तोंडाशी आणला आणि बटण फिरवलं. मी अजून तारेला हात लावला नव्हता. तरी भोंग्यातून एक लांबलचक किंकाळी निघाली. कुत्री भुंकायला लागली, कुणाची तरी शेळी दावं तोडून गेली. याचं शास्त्र असं, की पोकळ पोटाचं वाद्य हे बोलणारं असतं तसंच ऐकणारंही असतं. भोंग्याचा आवाज तिच्या पोटात शिरतो, त्यानं तारा हलतात, ते माईक ऐकतो, भोंग्याला सांगतो, भोंगा आणखी मोठ्यानं तिलाच सांगतो. गावात बातमी पसरते ती याच पद्धतीनं. माईकवाला अनुभवी होता. तो म्हणाला, “हिच्या पोटात काहीतरी भरा.” खानदेशात भरायला काय कमी? जिनिंगवाल्यांच्या पोरानं पिशवीभर कापूस आणला आणि आम्ही तो भोकातून दाबून दाबून भरला. किंकाळी थांबली. गाणंही थांबलं. गादी पिंजावी तसा एक आवाज भोंग्यातून निघू लागला. कापूस थोडा काढला की किंकाळी, थोडा घातला की गादी. या दोहोंच्या मधोमध एक जागा सापडली ती रात्री साडेदहाला. तेव्हा समोर मंडळाचे अध्यक्ष आणि ती शेळी शोधायला आलेली बाई, एवढेच उरले होते. बाईंनी पूर्ण एक गाणं ऐकलं. शेळी सकाळी सापडली.

त्यानंतर मी गाव मोठा करायचा नाद सोडला असता. पण घरात नाना आले होते.

नाना म्हणजे माझे वडील. पोस्टात सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, १९७३ साली आमच्याकडे कायमचे राहायला आले. माणूस शिस्तीचा. आयुष्यभर वजनकाट्यावर पाकिटं तोलल्यामुळे शब्दही तोलून वापरायचे, जादा शब्दाला जादा तिकीट लागेल अशा बेतानं. तरुणपणी भजनात पेटी वाजवायचे, कान तयार होता. पण आता तोच गेला होता. पूर्ण नव्हे, पण समोरच्यानं ओरडावं लागे, आणि ओरडणाऱ्याशी त्यांना बोलावंसं वाटत नसे. एक रेडिओ तेवढा त्यांना ऐकू येई. व्हॉल्व्हचा जुना मोठा सेट, पूर्ण उघडायचा आणि त्याच्या जाळीच्या कापडाला कान लावून बसायचं. माझ्या गिटारीकडे ते येताजाता बघत. एकदा म्हणाले, “सुतारकाम बरं चाललंय.” टोमणा नव्हता. त्यांना खरंच घासण्यापलीकडे काही कळत नव्हतं. मुलगा रोज तासभर आपल्या समोर बसून गातो आहे आणि आपल्याला तो लाकूड घासताना दिसतो आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. मला होती.

धुळ्याला आग्रा रोडच्या एका बोळात एक रेडिओ मेकॅनिक होता. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “तुमच्या सेटच्या पाठीमागं दोन भोकं आहेत, बघितलीत कधी? ग्रामोफोन जोडायची. त्यांत ग्रामोफोन जोडा नाही तर गिटार जोडा, रेडिओला काय कळतंय?” त्यानं एका जुन्या हेडफोनमधलं चुंबक आणि वेटोळं काढून तारांखाली बसवून दिलं. घरी येऊन जोडलं. भुंगा शिरल्यासारखा एक घूं घूं आवाज, त्यात अधूनमधून गिटार. शिवाय तारेला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या. संगीतानं अंगावर काटा येतो हे ऐकलं होतं, पण हा काटा विजेचा होता. त्या जातीच्या सेटमध्ये म्हणे प्लग उलटा बसला तर सगळी वीज सांगाड्यात येते. प्लग सुलटा केला, मुंग्या गेल्या, भुंगा राहिला. दुसऱ्या खेपेला त्यानं ग्रामोफोनच्या सुईमागची क्रिस्टलची डबी काढली आणि ती गिटारीच्या पोटावरच मेणानं चिकटवली. भुंगा पळाला. माजघरातून ओसरीपर्यंत तीस फूट वायर ओढली. माजघरात मी, ओसरीवर रेडिओ, आणि रेडिओला कान लावून नाना.

मी खोकलो, की हिनं बटण पूर्ण फिरवायचं, असं ठरलं होतं. मी खोकलो. तो खोकला रेडिओतून आला. नाना म्हणाले, “निवेदकाला सर्दी झालीय.” मग मी गीतरामायणातलं पहिलं गाणं घेतलं, भूपातलं. माझ्या गिटारीच्या सहा तारा मी सा प सा ग प सा अशा लावतो. तो उघडा गंधार असा काही सुखी असतो, की शोकगीतसुद्धा खाऊनपिऊन असल्यासारखं वाटतं. भूपाला मात्र तो मानवतो. गाणं संपलं. ओसरीवर शांतता. मग नानांचा आवाज, “सूनबाई, हे केंद्र कुठलं?” आमची ही कधी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, “जवळचंच आहे, मामंजी.”

दुसऱ्या दिवशी साडेसातला नाना खुर्ची ओढून तयार. “तो गिटारवाला लाव.” तिसऱ्या दिवशीही. माझी पंचाईत अशी झाली, की मालधक्क्यावर गाठी मोजायला उशीर झाला, तरी साडेसातला माझं प्रसारण. नाना रोज मत देत. “मनुष्य बरा आहे. पण विलंबितात घाई करतो.” “आज लक्ष नाही त्याचं, घरी काहीतरी बिनसलेलं दिसतं.” खरंच बिनसलेलं असे. एकदा म्हणाले, “वेळेचा पक्का आहे. पोस्टात असावा.” त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी पदवी मी माझ्या जन्मात ऐकली नाही, तीही चोरून.

मेणानं चिकटवलेल्या त्या डबीत एक खोड होती. तिला गिटार ऐकू यायची तशी माजघरही ऐकू यायची. भाकरी थापल्याचा आवाज तबल्यासारखा मागं वाजे. एकदा आलापीच्या ऐन मध्यावर रेडिओतून स्वच्छ शब्द आले, “अहो, तूरडाळ संपली बरं का.” मी गार. ओसरीवरून नाना म्हणाले, “आकाशवाणीवरसुद्धा महागाई आली म्हणायची.” आणि पुन्हा कान लावला.

असं चार-पाच महिने चाललं. एका संध्याकाळी वादन रंगात असताना लाईट गेली. काळोख. रेडिओ मुका झाला. मी थांबलो आणि कंदील कुठंय म्हणून विचारणार, तोच ओसरीकडून भिंत चाचपल्याचा आवाज येऊ लागला. नाना येत होते. भिंत नव्हे, ते वायर चाचपत होते. रेडिओपासून वायर हातात धरून, तिच्या मागोमाग, उंबरा ओलांडून, पलंगाला वळसा घालून ते सरळ माझ्यापाशी येऊन खाली बसले. त्यांचा हात गिटारीच्या पोटावर आला, तिथल्या डबीवरून फिरला आणि थांबला.

“रेडिओचं लायसन्स आहे ना आपल्याकडे?” ते म्हणाले.

त्या काळी रेडिओला लायसन्स लागे, आणि दरसाल पोस्टात फी भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. नानांनी हयातभर ते शिक्के मारले होते. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, “आहे, नाना.”

“ते ऐकण्याचं आहे. त्यातून वाजवायचं वेगळं लागत असेल. उद्या पोस्टात विचारून घे.”

मग थोड्या वेळानं म्हणाले, “थांबलास का? वाजव. हाताला कळतंय.”

मी तेच गाणं घेतलं. विलंबितात घाई केली नाही. मधेच लाईट आली. व्हॉल्व्हचा सेट तापायला अर्धा मिनिट घेतो. तेवढ्यानं तो ओसरीवर आपोआप गाऊ लागला, तिथं ऐकायला कुणी नव्हतं. ही उठली आणि वीज उगाच जळते म्हणून तिनं तो बंद केला.

पुढं नाना वायरीच्या या टोकाला बसू लागले, एक हात गिटारीवर ठेवून. १९७९ साली ते गेले. मी पोस्टात विचारलं नव्हतं, आणि नंतर तर सरकारनं रेडिओचं लायसन्सच काढून टाकलं. आमची भुसावळची गिटार अजून आहे. मधल्या काळात तिच्या भावंडांनी मोठी नावं काढली. विश्वमोहन भट्टांनी आपल्या मोहनवीणेला राय कूडरसोबत १९९४ साली ग्रॅमी मिळवून दिलं, तेव्हा मी हिला पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, “तेही मांडीवरच घेतात का?”

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला. त्यानं गिटारीच्या तोंडात बसेल असा एक छोटा पिकअप आणला होता. चुंबकाचा. तो फक्त लोखंडी तार हलली तरच ऐकतो, बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नाही. सोबत डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर. पोरानं पाच मिनिटांत सगळं जोडलं. किंकाळी नाही, भुंगा नाही, मुंग्या नाहीत, कापूस लागला नाही. मी भूप वाजवला. असा स्वच्छ, भरघोस आवाज या गिटारीचा मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. नातू खूष, मी खूष. ही स्वैपाकघराच्या दारात पीठाचे हात घेऊन उभी होती. तिला विचारलं, “कसं वाटलं?”

“छान आहे,” ती म्हणाली. “पण यात मी कुठं येत नाही.”